एका गिऱ्हाईकाची मंडई

मंडळी, मागचे दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. ऑफिसात एका वादात डोकं अडकलं होतं. वाद अजून मिटलेला नाही, पण माझं मत मात्र पक्कं झालंय, तेव्हा ते लिहून मोकळा होतो. मत असं की ज्या ऑप्टिकल ॲम्प्लिफायरमधून ऐंशी चॅनेल जाणार आहेत, त्याला एका लेसरवर तपासून हिरवा शिक्का मारू नये. आणि ऐंशी चॅनेलचं अचानक एक चॅनेल झालं तर तो कसा वागतो, ही टेस्ट तर वेळ वाचवायला म्हणून मुळीच गाळू नये.

आता तुमच्यापैकी निम्मे लोक म्हणतील, हे ऑप्टिकल ॲम्प्लिफायर म्हणजे काय प्रकरण? थोडक्यात सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सरळ मंडईपाशी भेटावं.

आपलं सगळं इंटरनेट काचेच्या धाग्यांतून पळतं. काच कितीही शुद्ध असली तरी प्रकाश हळूहळू विझत जातो. १५५० नॅनोमीटरच्या आसपास हा ऱ्हास सगळ्यात कमी, किलोमीटरला साधारण ०.२ डीबी. म्हणजे पुण्याहून निघालेला प्रकाश ८० किलोमीटरवर, खोपोलीच्या आसपास पोचेपर्यंत चाळिसाव्या हिश्श्यावर येतो. वाटेतले सांधे आणि कनेक्टर धरले तर शंभरावा हिस्सा उरला समजा. (डीबीची भानगड सोपी आहे: १० डीबी म्हणजे दहापट, २० डीबी म्हणजे शंभरपट.) त्याला पुन्हा शंभरपट करून पुढे ढकलायचं काम ॲम्प्लिफायरचं.

पूर्वी यासाठी प्रकाशाची वीज करायची, वीज स्वच्छ करायची, पुन्हा प्रकाश करायचा, आणि हे सगळं प्रत्येक चॅनेलला वेगळं. मग १९८७ साली साउदॅम्प्टनला डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये इमॅन्युएल देसुर्व्हिर वगैरे मंडळींनी दाखवून दिलं, की फायबरच्या काचेत एर्बियम नावाचं मूलद्रव्य किंचित मिसळलं आणि बाहेरून पंप लेसर सोडला, तर त्यातून जाणारा प्रकाश काचेतच वाढतो. मधे इलेक्ट्रॉनिक्स नाही. आणि मुख्य गंमत म्हणजे १५३० ते १५६५ नॅनोमीटरमधले सगळे रंग एकाच वेळी, एकाच काचेत वाढतात. (रंग म्हणतोय ते सोयीसाठी, यातला एकही डोळ्याला दिसत नाही.) यालाच आम्ही ईडीएफए म्हणतो. एका धाग्यात ४०, ८०, ९६ चॅनेल कोंबायचा डब्ल्यूडीएमचा जो संसार उभा राहिला तो याच्या जिवावर.

बरं, आता मंडई.

मी राहतो शुक्रवार पेठेत, महात्मा फुले मंडईपासून चालत पाच मिनिटांवर. १८८६ सालची ही इमारत, आधीचं नाव रे मार्केट. मधे अष्टकोनी मनोरा आणि भोवती पसरलेली दालनं. इतका पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, म्हणून नगरपालिकेत जोतिरावांनी तिला विरोध केला होता, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने नाव त्यांचंच लागलं. पुण्यात विरोध करणाऱ्याचं नाव असं वास्तूला लागतं, हे आपलं एक वैशिष्ट्यच. असो.

दुपारी अडीच-तीनला मंडईत जाऊन बघा. गाळ्यावर मावशी एकट्या बसलेल्या असतात. गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही एकटे. "या दादा, काय देऊ?" पालेभाजी निवडून मिळते, सुटे पैसे मिळतात, कोथिंबिरीच्या दोन काड्या वर मिळतात, शिवाय अळूची भाजी आंबट कशी करायची तेही ऐकायला मिळतं. आता याच मावशींकडे रविवारी सकाळी दहाला जा. समोर पंधरा पिशव्या, मागून धक्के, कोणी भाव विचारतंय, कोणी न विचारताच टोमॅटो दाबून बघतंय. मावशी त्याच, ताकद तीच, पण ती पंधरा जणांत वाटली गेली. तुमच्या वाट्याला आलेली मेथी तुम्ही घरी येऊन निवडायची. त्यातही जो अगदी समोर उभा आहे त्याला जास्त मिळतं आणि कडेला उभा राहिलेला हात वर करकरून दमतो.

तीन वाजताचा अनुभव घेऊन "मंडईत सर्व्हिस उत्तम आहे" असा रिपोर्ट कोणी लिहिला तर त्यात खोटं काहीच नाही. फक्त त्याचा रविवारशी संबंध नाही.

ईडीएफएचं अगदी हेच. पंप लेसरने एर्बियमच्या अणूंमध्ये ऊर्जा भरून ठेवली, आता ती समोर येईल त्याला वाटायची. समजा यंत्राची एकूण आउटपुट ताकद १०० मिलिवॅट आहे. ऐंशी चॅनेल आले तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा मिलिवॅट. तेवढंच त्याला द्यायचं, तसंच डिझाइन. पण पंप तसाच ठेवून त्या ऐंशीतला एकच चॅनेल आत सोडला, तर त्याला त्याच्या वाट्याच्या कितीतरी पट मिळतं. गेन मस्त दिसतो. शिवाय ऊर्जा भरलेल्या अणूंचं प्रमाण चांगलं राहतं म्हणून नॉइज फिगरही छान येते. (आदर्श हाय-गेन ॲम्प्लिफायरलासुद्धा ३ डीबीच्या खाली जाता येत नाही, तो निसर्गाचा कर आहे.) म्हणजे एका चॅनेलची परीक्षा घेतली की विद्यार्थी हमखास जास्त मार्क मिळवतो, आणि तेही नेमके त्या प्रश्नांना, जे बोर्डाच्या पेपरात येणारच नाहीत.

त्याहून वाईट म्हणजे गेनचा आकार. सगळ्या रंगांना सारखा गेन मिळावा म्हणून आत एक फिल्टर बसवलेला असतो. तो ठरावीक लोडसाठी कापलेला असतो. लोड बदलला, अणूंची अवस्था बदलली, की आकार एका बाजूला कलतो. एका ॲम्प्लिफायरमध्ये दोन टोकांत १ डीबीचा फरक पडला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण एकाच डिझाइनचे दहा ॲम्प्लिफायर ओळीने लावले की प्रत्येकाचा कल एकाच दिशेने, आणि फरक १० डीबी. एका टोकाचा चॅनेल दुसऱ्या टोकाच्या दहाव्या हिश्श्यावर. हात वर करकरून दमलेलं गिऱ्हाईक ते हेच.

आता आमचा वाद. माझं काम सॉफ्टवेअरचं. आमची टीम ॲम्प्लिफायर मॉड्यूलचं फर्मवेअर आणि त्याच्या टेस्ट बेंचचं ऑटोमेशन लिहिते. बेंचवर आत्ता प्रत्येक मॉड्यूलला पूर्ण लोड दिला जातो, आणि मग चॅनेल अचानक काढून बघितले जातात. वेळ लागतो. बेंच एकच, मॉड्यूल रांगेत. तर आमच्या टेस्ट लीडने प्रस्ताव मांडला: पहिली काही मॉड्यूल्स पूर्ण लोडवर, बाकी सगळी एका दणकट लेसरवर. म्हणजे ऐंशी चॅनेलची मिळून जेवढी ताकद होईल तेवढ्या ताकदीचा एकच लेसर सोडायचा, आणि एक अगदी क्षीण प्रोब लेसर फिरवून जागोजागी गेन मोजायचा. आणि ती ड्रॉप टेस्ट काढून टाकायची. "अरे, तेच हार्डवेअर, तेच डिझाइन. शंभर वेळा तेच उत्तर येतंय, मग एकशे एकाव्यांदा कशाला विचारायचं?"

हा माणूस मूर्ख नाही. त्याच्या प्रस्तावाच्या पहिल्या अर्ध्या भागात चांगलंच फिजिक्स आहे, म्हणून तो नीट सांगतो.

एर्बियमचा एक सद्गुण असा, की त्याला बहुतांशी एकूण किती माल गेला एवढंच कळतं. कोणत्या रंगाने किती नेला याचा त्याला फारसा फरक पडत नाही. सगळ्या अणूंची मिळून एक सरासरी अवस्था ठरते आणि त्यावरून सगळ्या रंगांचा गेन ठरतो. म्हणून ऐंशी लेसरऐवजी थोडे ताकदवान लेसर वापरून तीच अवस्था आणायची आणि प्रोबने मोजायचं, ही पद्धत जगभर मान्य आहे. ऐंशी चांगले लेसर विकत घ्यायचे, त्यांची ताकद एकसारखी ठेवायची, त्यांचं कॅलिब्रेशन करत बसायचं, यापेक्षा ते कितीतरी स्वस्त.

दुसरा सद्गुण म्हणजे एर्बियम मंद आहे. अणू वरच्या अवस्थेत साधारण १० मिलिसेकंद टिकतो. त्यामुळे लेसर क्षणभर बंद केला तर पुढचे काही मायक्रोसेकंद ॲम्प्लिफायरला पत्ताच नसतो की गिऱ्हाईक गेलंय. तेवढ्या फटीत त्याचा स्वतःचा गोंगाट, म्हणजे एएसई, स्वच्छ मोजून घ्यायचा. सिग्नल चालू असताना त्याच्याखाली दडलेला नॉइज मोजणं फार कटकटीचं. ही चालू-बंदची युक्ती ज्याने पहिल्यांदा लढवली त्याला माझ्याकडून एक अमृततुल्य.

पण "बहुतांशी" हा शब्द मी मुद्दाम वापरला. एर्बियमची स्मरणशक्ती अगदीच सरासरीची नाही. दणकट लेसर ज्या रंगावर बसतो, त्याच्या आसपासच्या गेनमध्ये एक छोटा खड्डा पडतो. स्पेक्ट्रल होल बर्निंग म्हणतात त्याला. ऐंशी चॅनेल पसरलेले असले की असे खड्डे सगळीकडे थोडेथोडे, म्हणजे जवळजवळ सपाट. एकच लेसर असला की एकच खड्डा, तोही जिथे खऱ्या वापरात असणार नाही तिथे. एका मॉड्यूलमध्ये हा फरक डीबीच्या अंशात असतो. पण वर सांगितलं तसं, दहा-वीस ॲम्प्लिफायरच्या ओळीत अंशांची बेरीज होते. म्हणून माझं म्हणणं: लेसर कमी करा, पण एकावर आणू नका. चार-सहा ठिकाणी पसरा, आणि दर बॅचमधलं एखादं मॉड्यूल पूर्ण लोडवर चढवून दोन्ही आकडे ताडून बघा. इतपत मी तडजोड करायला तयार आहे, आणि तोही बहुधा तयार होईल.

ड्रॉप टेस्टवर मात्र नाही.

समजा पुण्याच्या एका नोडवर दोन बाजूंनी चॅनेल येतात. नाशिककडून एकोणऐंशी, मुंबईकडून एक, आणि सगळे मिळून एकाच धाग्यातून सोलापूर-हैदराबादकडे निघतात. नाशिक रस्त्यावर कुठेतरी जेसीबीने केबल तोडली. (आपल्याकडे हे 'समजा' फार ताणावं लागत नाही.) एकोणऐंशी चॅनेल डोळ्याचं पातं लवायच्या आत गायब. पुढच्या ॲम्प्लिफायरमध्ये पंप तसाच जोरात चालू, भरलेली ऊर्जा तशीच, आणि ती घ्यायला उरलाय एकटा मुंबईचा. रविवारच्या मंडईतून एका क्षणात चौदा गिऱ्हाइकं गायब झाली आणि मावशींनी पंधरा जणांची भाजी तुमच्याच पिशवीत कोंबली, असं काहीतरी. पिशवी फाटते. चॅनेलची ताकद नको तेवढी उसळते, फायबरमध्ये नॉनलिनिअर परिणाम सुरू होतात, टोकाचा रिसीव्हर चक्रावतो. मुंबई रस्त्याला कोणी हातही लावलेला नाही, तरी त्याच्या डेटात चुका.

हे होऊ नये म्हणून ॲम्प्लिफायरमध्ये कंट्रोल लूप असतो. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रकाशाचा थोडा हिस्सा फोटोडायोडवर पाडायचा, गेन काढायचा, आणि त्यानुसार पंपचा करंट काही मायक्रोसेकंदांत खाली आणायचा. म्हणजे बघा, एर्बियम मंद आहे हा मोजमापाच्या वेळचा सद्गुण, पण ओळीने दहा ॲम्प्लिफायर असले की ही उसळी प्रत्येक टप्प्यावर जास्त वेगाने आणि जास्त तीव्र होत जाते. पहिल्याची किंचित चूक दहाव्यापाशी मोठी झालेली असते.

आणखी एक खोच आहे. फोटोडायोडला सिग्नल आणि नॉइज वेगळे ओळखता येत नाहीत. ऐंशी चॅनेल असताना एएसई नगण्य. एकच क्षीण चॅनेल उरला की एकूण आउटपुटमध्ये एएसईचा हिस्सा चांगलाच जाणवतो. लूपला वाटतं, वा, भरपूर गेन देतोय आपण, आणि तो पंप आणखी खाली ओढतो. मग उरलेल्याला हक्काचंही मिळत नाही. यावर उपाय म्हणून फर्मवेअरमध्ये एएसईची वजावट करणारं टेबल असतं. ते टेबल तापमानानुसार बदलतं, मॉड्यूलच्या कॅलिब्रेशननुसार बदलतं. ते लिहितं कोण? आमची टीम.

"तेच हार्डवेअर, तेच डिझाइन" हा युक्तिवाद इथेच ढासळतो. हार्डवेअर तेच असेल हो, पण कंट्रोल लूप म्हणजे कोड, आणि कोड दर रिलीजला बदलतो. पूर्ण स्थिर लोडवर हा कोड जवळजवळ झोपलेला असतो. एका स्थिर लेसरवरही झोपलेलाच असतो. त्याला जाग येते ती फक्त ऐंशीचे एक होताना. तेवढी एकच टेस्ट काढून टाकायची म्हणजे फायर ब्रिगेडच्या गाडीची तपासणी ती गॅरेजमध्ये उभी असताना करायची. रंग चांगला आहे, टायरमध्ये हवा आहे, पास.

आपल्या आयटीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको खरं तर. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एकला साइट का झोपते? आदल्या दिवशी कोणीतरी एक सीट नंबर टाकून बघितलेला असतो आणि निकाल झकास आलेला असतो. फरक एवढाच, की साइट अर्ध्या तासाने पुन्हा उठते आणि सगळ्यांना कळतं की लोड झेपला नाही. आमच्या धंद्यात लोकांना कळतं ते फक्त "नेट गेलं". दोष जेसीबीवाल्यावर जातो, तो खरोखर तिथे असतोच, आणि शाबूत रस्त्यावरचा चॅनेल का गडबडला हे शोधायला कोणी जात नाही.

समुद्राखालच्या केबलवाल्यांकडून इथे शिकण्यासारखं आहे. मुंबईत उतरणारी सी-मी-वी ३ नावाची केबल आठवते का? १९९९-२००० च्या सुमारास सुरू झाली, जर्मनीपासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत साधारण ३९,००० किलोमीटर. सुरुवातीला फायबरच्या एका जोडीवर ८ रंग, प्रत्येकी २.५ गिगाबिट. पुढे किनाऱ्यावरची यंत्रं बदलून रंगही वाढवले आणि प्रत्येक रंगाचा वेगही. पण तळाशी पडलेले ॲम्प्लिफायर तेच, २०२४ च्या शेवटी केबल निवृत्त होईपर्यंत. टाकण्याआधी त्यांना बेंचवर जे काही विचारलं असेल तेवढंच, नंतर विचारायची सोय नाही. दुरुस्तीला जहाज पाठवावं लागतं. हल्लीच्या केबलमध्ये तर रिकाम्या चॅनेलच्या जागी मुद्दाम नुसता गोंगाटाचा प्रकाश भरून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक असो वा नसो, ॲम्प्लिफायरला मंडई कायम भरलेलीच दिसते. चॅनेल गेला की त्या जागी लगेच भरताड. ही मंडळी लोड बदलूच देत नाहीत, इतकी ती लोड बदलण्याला घाबरतात. आणि आम्ही जमिनीवर, जिथे दर चार किलोमीटरला रस्ता खणलेला असतो, तिथे हीच टेस्ट काढायला निघालोय!

खर्चाचं काय, हा प्रश्न खोटा नाही. फायबर तर आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीच्या औरंगाबादला) कितीतरी वर्षं बनतंय, कोलकात्याच्या सीजीसीआरआयने एर्बियमचं फायबरही इथेच विकसित केलं. काच जमते आपल्याला. मार खातो तो मोजमापाच्या पैशात. बेंच हा खर्च वाटतो, माल वाटत नाही. लोडिंगचे लेसर कोणी गिऱ्हाईक मागत नाही, ते ब्रोशरवर छापता येत नाहीत.

पण यालाही वाट आहे, आणि गेले दोन आठवडे मी तीच खटपट करतोय. ऐंशी लेसरची गरजच नाही. समुद्रवाल्यांचाच गोंगाट उसना घ्यायचा: एक एएसई सोर्स, त्याला फिल्टरने कापून ऐंशी दात पाडायचे, एका दाताची जागा मोकळी ठेवून तिथे खरा लेसर बसवायचा. मग सगळ्या गोंगाटाच्या वाटेत एक वेगवान ऑप्टिकल स्विच. स्विच बंद केला की एकोणऐंशी चॅनेल काही मायक्रोसेकंदांत गेले, आणि उरलेल्याची उसळी ऑसिलोस्कोपवर पकडायची. उरलेला चॅनेल कोणत्या रंगाचा यावरही उसळी बदलते, म्हणून मोकळी जागा सरकवत एकदा १५३० च्या टोकाला, एकदा मधे, एकदा १५६५ कडे. तीन रंग, गार आणि गरम अशी दोन तापमानं, जाणं आणि परत येणं. बारा कॅप्चर. स्क्रिप्ट लिहून झाली आहे, तापमान स्थिर व्हायला लागणारा वेळ सोडला तर मॉड्यूलमागे दीड मिनिट लागतं. तापमानाच्या कपाटात एका वेळी आठ मॉड्यूल्स बसतात, म्हणजे तो वेळही आठांत वाटला जातो.

सोमवारी अकराला मीटिंग आहे. टेस्ट लीडला आकडे आधीच मेल केलेत. त्याचं एका ओळीचं उत्तर आलंय: "स्विच कोणाच्या बजेटमधून?"